वळणात ऑइल जातं कुठे? एलिसच्या चेंबरचं काम

सरळ पट्ट्यावर ७,००० आरपीएमला ऑइलचा दाब ४.८ बार. पुढचं लांब वळण लागलं की तोच दाब घसरत १.५ बारपर्यंत यायचा, जेमतेम अर्धा सेकंद तिथे राहायचा आणि वळण सुटताच पुन्हा जागेवर. ट्रॅक-डेची, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाची, नोंद लॅपटॉपवर उघडली तेव्हा प्रत्येक लॅपला त्याच जागी हा खड्डा दिसला. गाडी चालवताना यातलं काहीही जाणवलं नव्हतं. आवाज तोच, ताकद तीच, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेलाच. तो पेटणारही नव्हता म्हणा. बहुतेक गाड्यांत त्या दिव्याचा स्विच दाब अर्ध्या बारच्याही खाली गेला तरच चालू होतो. आयडलला उभ्या गाडीसाठी ते ठीक आहे. ७,००० आरपीएमला तो दिवा दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की आता बेअरिंगची ऑर्डर द्या.

गाडी लोटस एलिस १११आर. वजन ८६० किलोच्या आसपास, सीटच्या मागे आडवं बसवलेलं टोयोटाचं १.८ लिटरचं २झेडझेड-जीई इंजिन, १९० हॉर्सपॉवर. हेच इंजिन टोयोटाच्या सेलिकातही होतं. ६,२०० आरपीएमच्या वर ते व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या, उंच लिफ्टच्या कॅमवर जातं, आणि ती अदलाबदलही ऑइलच्याच दाबाने होते. रॉकरच्या (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या दांडीच्या) आत एक छोटी पिन ऑइल ढकलतं आणि कॅम बदलतो. म्हणजे या इंजिनात ऑइल नुसतं वंगण नाही, कामगारही आहे.

यात इंजिनाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. रस्त्यावरच्या टायरवर, रस्त्यावरच्या वळणांत हा खड्डा पडत नाही. मी तीही नोंद काढून पाहिली. खड्डा पडायला लागला तो सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत, ट्रॅकचे टायर चढवल्यावर. ग्रिप वाढली, वळणातला वेग वाढला आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये साठलेल्या ऑइलला जे कधी सोसावं लागलं नव्हतं ते सोसावं लागलं.

परातीत पाणी घेऊन झटकन वळलं की ते एका काठाला चढतं. इथेही तेच, फक्त जोर मोठा आणि वळण लांब. गाडीवर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा, आडवा जोर असेल तर ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो. १.२ जी असेल तर ५० अंशांच्या पुढे. आणि हे वळण संपेपर्यंत. चेंबर रुंद आणि उथळ असेल तर ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढून बसतं, पिकअपची जाळी (पंप जिथून ऑइल ओढतो ते तोंड) उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. त्यात इंजिन ८,००० पर्यंत फिरणारं. आरपीएम जितके जास्त, तितकं जास्त ऑइल वर हेडमध्ये, इंजिनाच्या माथ्यात, असतं आणि ते खाली यायला वेळ लागतो. इंजिनात सगळं मिळून साडेचार लिटरच्या आसपास ऑइल, कूलर आणि पाइपमधलं वेगळं. नेमकं हवं तेव्हा चेंबरमध्ये त्यातलं बरंच कमी उरलेलं असतं.

अर्धा सेकंद म्हणजे किती? ७,००० आरपीएमला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला ११६ फेरे मारतो. अर्ध्या सेकंदात ५८. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा काही मायक्रॉनचा पापुद्रा असतो, धातू धातूला टेकत नाही. हा पापुद्रा पंपाच्या जोरावर उभा असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. फिरणारा क्रँक ऑइलला आपल्या खाली ओढून घेतो आणि त्या पाचरीत पंपाच्या कितीतरी पट दाब तयार होतो. पंपाने फक्त पुरवठा चालू ठेवायचा. पुरवठ्यात हवा आली की पाचर मोडते. पहिला फटका बसतो पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना, कारण त्यांच्यापर्यंतचं ऑइल क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगमधून, क्रँकच्या आतल्या भोकांतून जातं. रांगेत ती सगळ्यात शेवटी उभी.

हे दिसलं, कारण सेन्सर आधी लावला होता. काट्याच्या गेजवर हा खड्डा कधीच दिसला नसता. काटा हलेपर्यंत दाब परत आलेला असतो आणि वळणात गेजकडे बघणार तरी कोण? सेन्सरची नोंद सेकंदाला किमान दहा वेळा तरी व्हायला हवी. बसवताना एक गोष्ट जपावी लागते. टोयोटाच्या ऑइल स्विचचे आटे ब्रिटिश, इंचाला २८. बाजारात मिळणारे बरेचसे सेन्सर अमेरिकन आट्यांचे, इंचाला २७. दोन्ही निमुळते, दोन्ही दिसायला सारखे, आणि अमेरिकन फिटिंग ब्रिटिश भोकात दोन-तीन फेरे छान जातंही. पुढे जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. मी मध्ये अडॅप्टर घातला आणि सेन्सर थेट ब्लॉकवर न लावता छोट्या पाइपने बाजूच्या ब्रॅकेटवर नेला. पितळेचा जड सेन्सर ब्लॉकवर लटकत ठेवला की कंपनांनी त्याचा गळा तुटतो, आणि मग गरम ऑइल दाबाने बाहेर.

सल्ले भरपूर मिळाले. पहिला नेहमीचाच.

“अरे, घट्ट ऑइल टाक, टेन-डब्ल्यू-फिफ्टी. दाब आपोआप वर येतो,” मित्र म्हणाला. गाड्यांत माझ्यापेक्षा जास्त मुरलेला माणूस.

“जाळीपाशी ऑइलच नसेल तर ते पातळ आहे की घट्ट, याने काय होणार?”

“मग अर्धा लिटर जास्त भर.”

“त्याने थोडा फरक पडेल. पण क्रँक त्यात बुडून फेस करायला लागला तर?”

“फेस झाला तर झाला. वळण तर निघेल ना!”

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. घट्ट ऑइलने सरळ रस्त्यावरचा दाब वाढतो हे खरं. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडच्या ऑइलची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० ग्रेडची १६.३ च्या वर, ऑइल फार तापणार असेल तर या फरकाला किंमत आहे. पण घट्ट ऑइल हेडमधून खाली यायलाही जास्त वेळ घेतं, म्हणजे माझ्या अडचणीत भरच. मी ४० ग्रेडवर थांबलो आणि पातळी काडीवरच्या वरच्या खुणेला ठेवू लागलो, तिच्या वर नाही.

दुसरा सल्ला ड्राय संपचा. शर्यतीच्या गाडीसाठी तेच खरं उत्तर आहे. चेंबरमध्ये ऑइल साठवायचंच नाही. जादाचे पंप ते लगेच ओढून वेगळ्या उभ्या टाकीत टाकतात आणि तिथून इंजिनाला देतात. उंच, अरुंद टाकीच्या तळाशी ऑइल कसंही हललं तरी तोंड बुडालेलंच राहतं. चेंबर चपटा करता येतो, इंजिन खाली बसवता येतं. पण पट्टा, पंप, टाकी, मनगटाएवढे पाइप, त्यांच्यासाठी जागा आणि वजन! ८६० किलोच्या गाडीत प्रत्येक किलोचा हिशोब द्यावा लागतो, आणि माझी गाडी महिन्यातले बहुतेक दिवस साध्या रस्त्यावरच असते.

म्हणून ठरवलं ते असं. आधी आडोसे घातलेला चेंबर, मग मोजणी, आणि उणीव राहिली तरच ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाबाखाली ऑइल साठवणारा नळकांडा. सगळं एकदम बसवलं असतं तर कशाने काय झालं हे कळलं नसतं.

गाडी चार स्टँडवर घेतली. मागची खालची पत्र्याची झाकणं सोडवणं हेच निम्मं काम. बोल्ट अनेक आणि प्रत्येकाची लांबी सारखी नाही. ते एका पुठ्ठ्यावर जागेनुसार खोचून ठेवले. ऑइल कोमट असताना काढलं आणि झिरपण्यासाठी रात्रभर तसंच ठेवलं. चेंबरला कागदी गास्केट नसतं, सीलंटची बारीक रेघ असते, आणि ती अशी धरते की सगळे बोल्ट काढले तरी चेंबर हलत नाही. तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. त्याने ब्लॉकच्या तळाला खाच पडते आणि ती खाच पुढे कायम ठिबकते. चेंबर कापायची पातळ पाती मिळते, ती कोपऱ्यातून ठोकत, सरकवत फिरवायची. घाई न करता.

जुनं सीलंट खरवडायला प्लॅस्टिकची पाती. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. चुरा वर क्रँककडे जाऊ नये म्हणून स्वच्छ फडके कोंबून ठेवले, आणि किती कोंबले ते लिहून ठेवलं.

नवा चेंबर ॲल्युमिनियमचा. पिकअपभोवती एक चौकोनी खोली केलेली आणि तिच्या भिंतींना बिजागरीच्या छोट्या फळ्या. फळ्या आतल्या बाजूला उघडतात, बाहेरच्या बाजूला नाही. ऑइल खोलीत येऊ शकतं. वळणात बाहेर पळू लागलं की फळी त्याच्याच धक्क्याने मिटते. वर आडवी पत्र्याची छत्री, म्हणजे ऑइल भिंतीवरून चढून क्रँकला भिडत नाही. साधी युक्ती, आणि हलणारा भाग म्हणावा तर तेवढ्या त्या फळ्या. बसवण्याआधी प्रत्येक फळी बोटाने उघडून मिटून पाहिली. एक थोडी अडत होती, तिच्या कडेला वेल्डिंगचा मोहरीएवढा थेंब राहिला होता. बारीक कानशीने काढला, चेंबर पुन्हा धुतला.

मग सगळ्यात महत्त्वाचं माप. पिकअपची जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यातलं अंतर. फार कमी असेल तर पंपाला ऑइल ओढायला जागा उरत नाही. फार जास्त असेल तर आडोशांचा उपयोगच संपतो, कारण जाळी लवकर उघडी पडते. साधारण ६ ते १० मिलिमीटर असावं. चेंबर बंद असताना आत पट्टी जात नाही, म्हणून मुलांच्या खेळायच्या मातीचे चार गोळे जाळीच्या कडेला चिकटवले, सीलंट न लावता चेंबर चार बोल्टांवर कसला आणि पुन्हा उतरवला. गोळे चपटे झाले होते. ब्लेडने मधोमध कापून व्हर्नियरने मोजले. तीन ठिकाणी ८ च्या आसपास, एका कोपऱ्यात ७. चालेल. जाळीत मातीचा कण राहू नये म्हणून ती धुतली, वाळवली, टॉर्च मारून पाहिली आणि समाधान होईना म्हणून परत धुतली.

सीलंटची रेघ ३-४ मिलिमीटरची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त लावलं तर जादाचं आत दाबलं जातं, सुकून तुटतं आणि पोहोचतं थेट त्याच जाळीत जिच्यासाठी हा खटाटोप. बोल्ट छोटे आहेत, सुमारे ९ न्यूटन-मीटर पुरे. एवढ्या कमी ताकदीला मोठा टॉर्क रेंच टकटक करतोच असं नाही, छोटा वापरावा. त्यानंतर सीलंटच्या डबीवर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत ऑइल भरलं नाही.

चेंबर खाली होता तेव्हाच कूलरचे पाइपही बदलले. माझ्या गाडीला ऑइल कूलर पुढे आहेत, इंजिन मागे, आणि मधला प्रवास गाडीच्या कडेतून. रबर कितीही चांगलं असलं तरी वीस वर्षांच्या रबरावर मी दाबाखालच्या गरम ऑइलचा भरवसा ठेवणार नाही. जुना पाइप ओढून काढताना त्याच्या शेपटाला नवा बांधला आणि सोबतच आत ओढून घेतला. याखेरीज काही सांगण्यासारखं त्यात नाही; दिवसभर वाकून हात काळे करण्याचं काम. फिल्टरच्या बुडाशी थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घातली, म्हणजे ऑइल ८० अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते कूलरकडे फारसं वळत नाही. थंडीत गार ऑइल आणखी गार करण्यात काही अर्थ नसतो.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टरचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर फिरवला, थांबून थांबून, स्टार्टर तापू न देता. सेन्सरवर दाब दिसेपर्यंत इंजिन पेटवलं नाही. कोरडे पाइप आणि रिकामा फिल्टर भरायला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुढच्या ट्रॅक-डेनंतर तेच वळण, तेच टायर, जवळजवळ तोच वेग. खड्डा ३.४ बारवर अडला. १.५ वरून ३.४! एकही पंप न वाढवता, ऑइल घट्ट न करता, फक्त जिथे हवं तिथे धरून ठेवून.

त्याच वेळी फिल्टर कापून पाहिला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि फारच थोडे करतात. करवतीने कापू नये, तिचाच भुसा आत पडतो; डबा उघडल्यासारखी गोल फिरणारी कात्री मिळते. आतला कागद कापून, पिळून, पांढऱ्या पाटीवर उलगडला आणि उन्हात धरला. घड्यांमध्ये काळपट चिकटा, सीलंटचे दोन धागे, आणि चार-पाच चमकणारे ठिपके. चुंबक फिरवला तर दोन उठले, ते पोलादाचे. बाकीचे जागचे हलले नाहीत. ते ॲल्युमिनियमचे असू शकतात, बेअरिंगचेही असू शकतात. ठिपके मोजता येत होते, म्हणून इंजिन खोललं नाही. कागदभर सोनेरी चकाकी दिसली असती तर मात्र खोलावंच लागलं असतं. तो कागद तारीख लिहून पिशवीत ठेवला आहे, पुढच्याशी ताडून बघायला.

३.४ बार वाईट नाही. ७,००० आरपीएमला दाब साधारण ७० पीएसआय (४.८ बार) असावा, म्हणजे हजार आरपीएमला १० पीएसआय, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने ४.८ बार बरोबर जागेवर आणि ३.४ जरा कमी. त्यामुळे ॲक्युम्युलेटरही बसवला. हा एक नळकांडा; आत सरकता पिस्टन, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला ऑइल. इंजिन दाबात असताना त्यात ऑइल भरतं, दाब पडला की हवा पिस्टनला ढकलते आणि साठलेलं ऑइल गॅलरीत, म्हणजे बेअरिंगकडे ऑइल नेणाऱ्या वाहिनीत, जातं. पंपाच्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर ऑइल बेअरिंगकडे न जाता उलट पंपातून चेंबरमध्ये निघून जाईल.

तो बसवायचा कुठे, यावर मित्राशी बराच वाद झाला. एलिसचं चॅसिस चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचं, त्याला भोक पाडायला मी तयार नव्हतो. शेवटी मागच्या पोलादी सबफ्रेमला आवळून धरणारी ब्रॅकेट बनवली, एकही भोक न पाडता. भरलेला नळकांडा, ब्रॅकेट, व्हॉल्व्ह, पाइप असं सगळं मिळून काही किलो वाढले, आणि तेही मागे, जिथे या गाडीचं वजन आधीच जास्त आहे. ते मला अजूनही खुपतं.

बदल झाला का? झाला, खड्डा आता ४ बारच्या वर राहतो. पण खरी सुधारणा चेंबरने केली, यात शंका नाही. कुणी विचारलं की दोन्हींपैकी एकच करायचं तर काय, तर चेंबर. ॲक्युम्युलेटरचा मला रोजचा फायदा वेगळाच मिळाला. गाडी आठवडाभर उभी राहिली असली तरी किल्ली फिरवण्याआधी व्हॉल्व्ह उघडला की इंजिन पेटण्याआधीच गॅलरीत दाब येतो.

त्याच्या काही सवयी मात्र शिकाव्या लागतात. व्हॉल्व्ह उघडा ठेवून इंजिन बंद केलं तर साठलेलं सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि काडीवर पातळी खुणेच्या बरीच वर दिसते. ते पाहून कुणी ऑइल काढलं तर पुढच्या वेळी नळकांडा भरला की चेंबरमध्ये ऑइल कमी. म्हणून इंजिन चालू असतानाच व्हॉल्व्ह बंद करायचा, मग किल्ली, मग थोडं थांबून काडी. गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती देताना हे सांगावं लागतं, म्हणून व्हॉल्व्हच्या स्विचशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे. हवेच्या बाजूचा दाब ऑइल पूर्ण रिकामं असतानाच मोजायचा असतो. ऑइल बदलायच्या वेळी ते उरकून घेतो.

पंपाचे गिअर पोलादाच्या एका ठोकळ्यातून कापलेले घाला, असंही पुष्कळांनी सुचवलं. या इंजिनात पंप क्रँकच्या टोकावर बसतो, तिथे पोहोचायचं म्हणजे टायमिंगचं कव्हर काढणं आलं. गिअर बदलताना चुकून खालचा गिअर पडून इंजिन आठ हजारांच्या खूप वर उडालं तर पंपाच्या जुन्या गिअरना धोका असतो, हे मान्य. पण वळणातल्या ऑइलशी त्यांचा संबंध नाही. इंजिन कधी दुसऱ्या कामासाठी बाहेर आलं तर तेव्हा बघू. दाबाचा अलार्म मात्र ४,००० आरपीएमच्या वर ३ बारला लावून घेतला. लाल दिव्यापेक्षा तो कितीतरी आधी बोलेल. सध्या लक्ष तापमानाकडे आहे. उन्हाळ्यात चेंबरमधलं ऑइल १२५ अंशांपर्यंत जातं. मोठा कूलर लावण्याआधी आहे त्या कूलरच्या कडेने हवा निसटते का ते पाहायचं आहे, त्यासाठी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून ठेवला आहे.